कडेचे छत्तीस चौकोन

६ फेब्रुवारी १९६१, सोमवार

ही वही दोन वर्षं ट्रंकेत पडून होती. आज काढली, कारण कोणाशी बोलावं ते कळत नाही आणि बोलल्याशिवाय राहवत नाही.

डॉक्टरांनी आज काही आडपडदा ठेवला नाही. नयनाचा डावा गुडघा आखडत चाललाय. पायाला आधाराच्या लोखंडी पट्ट्या, म्हणजे कॅलिपर, लावून तिनं रोज निदान दोनशे पावलं चाललं पाहिजे, तेही घरातल्या फरशीवर नाही, बाहेर मातीवर. जूनपर्यंत फरक दिसला नाही तर ऑपरेशन. "ऑपरेशननंतर चालेल ना?" मी विचारलं. ते म्हणाले, "सांगता येत नाही." मग नयनाच्या डोक्यावर हात ठेवून त्यांनी पुढच्या पेशंटला बोलावलं.

पोलिओ झाला तेव्हा ती चार वर्षांची होती, आता सात. घरात चालते, पण चाळीस पावलं. मी मोजते. चाळीस झाली की पाटावर बसते आणि म्हणते, "आई, मोजू नकोस ना." न मोजून कसं चालेल? डॉक्टर मला आकडाच विचारतात.

संध्याकाळी चंद्रकांत तिला कडेवर घेतात आणि क्वार्टर्समागच्या मैदानाच्या कडेला करंजाच्या झाडाखाली नेऊन सोडतात. (तोंडावर अहो, वहीत नाव. वही माझी आहे.) ती भिंतीला पाठ लावून उभी राहते, पोरांचा खेळ बघते, तिन्हीसांजेला पुन्हा कडेवरून घरी. याला बाहेर जाणं म्हणायचं? सात वर्षांच्या मुलीला उचलू नका म्हणून मी शंभरदा सांगितलं. हे ऐकतात आणि उचलतात.

९ फेब्रुवारी, गुरुवार

आता हेही. मागचं मैदान बॉल बॅडमिंटनच्या कोर्टाला जाणार. कॉलनीतल्या तरुण मुलांनी अर्ज दिलाय, वेल्फेअर कमिटी अनुकूल आहे. मैदान म्हणजे तरी काय, एकशेवीस फूट लांब, ऐंशी फूट रुंद, दगड, काटे आणि मधोमध पोरांनी पायांनी चोपून काढलेली माती. पण नयना जिथे उभी राहते ती एवढी एकच जागा आहे.

दुपारी कमिटीचे सेक्रेटरी विश्वासराव यांना गाठलं. त्यांचं घराणं तीनशे वर्षं इथलंच, या कानडी मुलखातलं, मराठी बोलतात पण मधेमधे कानडी ठिगळं. "बाई, स्वल्प शांत व्हा," म्हणाले. "कोर्टाचा प्लॅन कागदावर आहे. तुमच्याकडे काय आहे? नुसतं मुलांना खेळायला हवं म्हणून कमिटी मानत नाही. प्लॅन आणा. अकरा मार्चला मीटिंग आहे."

आणते म्हटलं. रागात बोलून गेले. मला साधी गुलाबाची कुंडी जगवता येत नाही.

१२ फेब्रुवारी, रविवार

सकाळी कणीक मळताना सुचलं आणि हात तसाच ठेवून कागद काढला. चंद्रकांत हसले, पण पोळ्या त्यांनी लाटल्या.

मला बाग येत नसेल, आकडे येतात. कारखान्यात माझा हुद्दाच मुळी कॉम्प्युटर. विमानाच्या पत्र्यावर ताण कुठे साठतो ते आम्ही सहा बायका दिवसभर काढतो. पत्र्याचे चौकोन पाडायचे. प्रत्येक चौकोनात त्याच्या चार शेजाऱ्यांची सरासरी भरायची, तिच्यात त्याचा स्वतःचा भार मिळवून. एक बदलला की शेजारचा बदलतो, म्हणून पुन्हा पहिल्यापासून. असं करत जायचं, आकडे हलायचे थांबेपर्यंत. मग सारखे आकडे रेघेने जोडले की पत्र्याच्या पोटातली वळणं आपोआप वर येतात. आम्ही ती काढत नाही, ती निघतात.

मैदानाचं असंच करायचं. दहा फुटांचे चौकोन, बारा गुणिले आठ, शहाण्णव. रोज संध्याकाळी दर दहा मिनिटांनी कुठल्या चौकोनात किती मुलं खेळताहेत ते टिपायचं, तो आकडा त्या चौकोनाचा भार धरायचा, आणि त्यावर सरासरीचा हात फिरवायचा. जिथे आकडा मोठा तिथे मोकळं पटांगण. उतरत्या आकड्यांवरून वाटा, झोपाळे, वाळू, सावलीची झाडं. कोणाच्या लहरीनं नाही, पोरांच्या पायांनी आखलेलं मैदान. याला विश्वासराव काय म्हणणार?

कडेच्या छत्तीस चौकोनांत शून्य धरलं. कड पक्की धरल्याशिवाय हे गणित उभंच राहत नाही. ते छत्तीस आकडे आजच शाईनं लिहून टाकले.

१६ फेब्रुवारी, गुरुवार

चार दिवस मोजणी चालू आहे. मैदानाच्या कोपऱ्यावर स्टूल टाकून बसते. पोरांना पहिल्या दिवशी गंमत वाटली, आता विसरलीत. गोट्यांचं टोळकं, लगोरीवाले, एका टायरमागे धावणारी चौघं. मजेनं दिवस जातो म्हटलं तरी चालेल, आणि मजा शब्द लिहूनही खूप दिवस झाले.

एस्टेटचा माळी मल्लाप्पा पाणी घालता घालता मागे येऊन उभा राहिला. बेळगावकडचा आहे, मराठी छान बोलतो. म्हणाला, "अक्का, त्या अंगाला काही लिहीत नाही तुम्ही."

"तिथे कोणी खेळत नाही, मल्लाप्पा."

"उभी आहेत की."

"उभं राहणं म्हणजे खेळणं नव्हे."

"सरी," म्हणाला, म्हणजे बरं, आणि झारी उचलून गेला. याला गणिताची पद्धत कुठून समजवायची? भिंतीकडेनं धाकटी भावंडं काखेत घेतलेल्या पोरी असतात, एक चष्मेवाला मुलगा असतो, नयना असते. त्यांचं येणं-जाणं नाहीच, तर टिपू काय?

२१ फेब्रुवारी, मंगळवार

चंद्रकांतांनी तक्ता बघितला. बराच वेळ बघितला. मग म्हणाले, "नयना कुठे आहे यात?"

"धरलीच नाही. उद्या कोणी म्हणायला नको की बाईनं कमिटीचं मैदान स्वतःच्या मुलीसाठी आखून घेतलं."

"पण तिच्याचसाठी करते आहेस ना?"

"म्हणूनच."

त्यांनी तेलाची बाटली काढली. कॅलिपरच्या पट्ट्यांना तेल लावत बसले. कधी कधी वाटतं, या माणसाला काटेकोरपणा म्हणजे काय ते माहीतच नाही.

२२ फेब्रुवारी

घरात अडतीस.

२३ फेब्रुवारी

एकतीस. "दुखतंय," म्हणाली. खरं दुखतं की माझ्यावर सूड, देव जाणे. असं लिहिताना लाज वाटते, पण वाटतं ते लिहायचं म्हणूनच वही काढली.

२७ फेब्रुवारी, सोमवार

मोजणी संपली. आता मधल्या साठ चौकोनांची सरासरी. एकटीनं केलं तर महिना जाईल. अहल्याक्कांना सांगितलं. या आमच्या विभागातल्या सगळ्यात जुन्या, बसवनगुडीहून दोन बस बदलून येतात, आणि विभागात त्यांच्याशिवाय पान हलत नाही. "सुलभा, विमानं उडवून झाली, आता झोपाळे उडवायचे म्हण की," त्या म्हणाल्या, आणि डबा अर्धा टाकून आकडेमोडीच्या मशीनवर बसल्या.

त्यांनीच युक्ती काढली. मैदानाच्या सहा पट्ट्या करायच्या, सहाजणींना एकेक. आपली पट्टी आपण सोडवायची आणि काठावरचे आकडे शेजारणीला मोठ्यानं सांगायचे. जेवणाच्या सुट्टीत सहाजणी ओळीनं बसलो, मशीनची हँडलं फिरताहेत आणि आकडे या टोकाकडून त्या टोकाला जाताहेत. पहिल्या पट्टीतली भाग्यलक्ष्मी एक बाजू माझ्याकडून घ्यायची आणि दुसरीकडे भिंतीचं शून्य धरायची. "माझी एक शेजारीण मुकीच आहे," म्हणाली. सगळ्या हसलो. मीसुद्धा.

२ मार्च, गुरुवार

साहेबांनी बघितलं. कारखान्याची मशीनं खासगी कामाला वापरली म्हणून मला बोलावलं. सुट्टीत वापरली, म्हटलं. मशीनला सुट्टी नसते, ते म्हणाले. पुन्हा दिसलं तर लेखी जाईल. बाकीच्या पाचजणींचं नाव घेतलं नाही, म्हणून निदान झोप लागेल.

उरलेलं हातानं करायचं. नऊ दिवस आहेत.

५ मार्च, रविवार

आज जे केलं ते कोणालाच सांगता येणार नाही. चंद्रकांत कामावर होते, रविवारची पाळी.

सकाळी नयना घरात एकोणतीसवर बसली. माझ्या डोक्यात सणक गेली. तिला उठवलं, हाताला धरून मैदानात नेलं, सगळ्या पोरांच्या मधोमध उभं केलं आणि म्हटलं, चाल. ती हलेना. मी एक पाऊल ओढलं आणि मोजायला लागले. एक. दोन. तीन. ती चालायला लागली, खाली मान घालून. नऊ, दहा. तेवढ्यात टायरवाल्या पोरांपैकी कोणीतरी माझ्या सुरात सूर मिसळला. हन्नोंदु. हन्नेरडु. मग सगळीच पोरं, टाळ्या वाजवत, कानडीत, हसत. वाईट मनानं नव्हे. पोरांना खेळ मिळाला, बस्स. पण नयना मटकन खाली बसली, दोन्ही कानांवर हात दाबून, कॅलिपरचा पाय तसाच पुढे ताठ.

उचलून आणलं. मीच उचललं. ती रडलीही नाही. दुपारी जेवली नाही. संध्याकाळी चंद्रकांत तिला मैदानात न्यायला आले तर दाराची कडी घट्ट धरून बसली.

आजपर्यंत निदान भिंतीशी उभी तरी राहत होती. तेवढंही मी घालवलं. आता ते मैदान असंच राहिलं तर ती पुन्हा जायची नाही, मैदान बदललं तरच काही आशा. ते प्लॅनमध्ये आहे आणि प्लॅन माझ्या हातात आहे. दुसरं माझ्याजवळ काय आहे?

८ मार्च, बुधवार

आकडे स्थिरावले.

रेघा जोडत गेले आणि वळणं वर आली. एकात एक, मधून बाहेर निवळत गेलेली, अंड्याच्या आकाराची. मधोमध पटांगण, त्याभोवती वळसा घेणारी वाट, वाटेच्या वळणावर झोपाळे, वाळूचा हौद, मग सावलीची झाडं. एकही रेघ माझ्या मनाची नाही. ताव ट्रेसिंगला घेतला. गेल्या दोन वर्षांत इतकं सुंदर काही माझ्या हातून झालेलं नाही. नयनाला दाखवलं. ती कागदाच्या काठावरून बोट फिरवत गेली, चारी बाजूंनी, आणि म्हणाली, "इथे काहीच नाही."

"तिथे कड आहे," मी म्हटलं.

११ मार्च, शनिवार

हरले.

सगळं लिहिते, नाहीतर डोकं फुटेल. सातजण बसले होते. ताव टेबलावर पसरला, पद्धत समजावली. ऐकत होते, अगदी मनापासून ऐकत होते. कोणीतरी म्हणालं, हे काम सरकारी खात्यालाही जमलं नसतं. मला वाटलं झालं.

मग विश्वासरावांनी चष्मा काढला. "अक्का," म्हणाले, त्यांनी पहिल्यांदाच मला अक्का म्हटलं, "यात तुमची मुलगी कुठे खेळते?"

"ती मोजणीत नाही. एकाही आकड्यात तिचा संबंध नाही." मी ताठ मानेनं सांगितलं. एवढ्याचसाठी तर सगळी दक्षता घेतली होती.

विश्वासराव चष्मा पुसत राहिले. म्हणाले, "मी रोज ऑफिसातून जाताना तिला त्या होंगेच्या, तुमच्या करंजाच्या, झाडाखाली बघतो. तुम्ही सरळ म्हणाला असता मुलीसाठी हवंय, तर मी कोण नको म्हणणार? पण ती पण यात नाही म्हणता. मग खेळणारी मुलं काय, कुठेही खेळतील की."

म्हणजे मी भीक मागायला हवी होती. पांगळ्या मुलीची आई म्हणून पदर पसरायला हवा होता, मग दिलं असतं. माझं गणित बरोबर होतं म्हणून नाही.

मतं कोर्टाला पडली. कोर्ट ऐंशी बाय चाळीस, भोवती दहा फूट मोकळं, म्हणजे शंभर बाय साठ. चारी बाजूंनी दहा-दहा फुटांची पट्टी उरते. "ती कड तुमची," विश्वासराव म्हणाले. "तिथे काय ते करा. मल्लाप्पाला सांगतो."

मधले साठ चौकोन त्यांचे. मला उरले कडेचे छत्तीस, माझ्याच हातानं शाईनं लिहिलेली छत्तीस शून्यं. थट्टा करायची तर याहून चांगली कोणाला सुचणार नाही.

१२ मार्च

पडून होते. चंद्रकांतांनी पिठलं केलं.

१७ मार्च, शुक्रवार, पाडवा

गुढी उभारली नाही. अहल्याक्का कडुनिंब आणि गूळ घेऊन आल्या, इथल्या पद्धतीनं, उगादी म्हणून. नयनाला भरवलं. मला म्हणाल्या, "कड दिलीय ना त्यांनी? मग घे की." मी म्हटलं, अक्का, त्या कडेला काही नाही, पुन्हा पुन्हा तपासलंय.

मल्लाप्पा दोनदा विचारून गेला, कडेला काय करायचं. तुला हवं ते कर, म्हटलं.

२४ मार्च, शुक्रवार

कोर्ट झालं. संध्याकाळी पिवळ्या लोकरीचा चेंडू इकडून तिकडे उडतो, पाचजण या बाजूला, पाच त्या. अर्धी कॉलनी बघायला लोटते. आवाज स्वयंपाकघरात येतो. मी खिडकी लावून घेते.

नयना आज आपण होऊन म्हणाली, बाबा, बघायला जायचं. आली कशी इच्छा, कोण जाणे. चंद्रकांतांनी तिला झाडाखाली नेऊन सोडलं. मी गेले नाही. जाऊन काय बघू? माझ्या मैदानावर दुसऱ्यांचा खेळ?

२८ मार्च, मंगळवार

डॉक्टरांकडे न्यायची तारीख पुढच्या आठवड्यात. घरातली पावलं मोजणं पाच तारखेपासून बंद आहे. ती माझ्यासमोर उठतच नाही. मी स्वयंपाकघरात गेले की कॅलिपरचा आवाज येतो, बाहेर आले की थांबतो. डॉक्टर विचारतील तेव्हा काय आकडा सांगू? ऑपरेशनच्या रजेचा अर्ज लिहून ठेवला.

ती रोज कोर्टावर जाते. चंद्रकांत म्हणतात, चेंडू कडेला आला की पोरं ओरडतात, नयना, बॉल. मी म्हटलं, तिला कशाला सांगतात, ती कशी देणार? ते म्हणाले, "देते की." एवढंच. हल्ली ते असंच तुटक बोलतात.

२ एप्रिल, रविवार

सकाळी दूध घ्यायला निघाले तर मल्लाप्पा मैदानाच्या कोपऱ्यावर उभा होता. मी तिकडे बघायचं टाळते, पण त्यानं हाक मारली. "अक्का, कड बघा." त्याला कामाची शाबासकी हवी असेल म्हणून गेले.

त्यानं दहा फुटांच्या पट्टीतले दगड वेचून, तांबडी माती चाळून घातली होती. चारी बाजूंनी, भिंतीलगत, सपाट. रोज दुपारी उन्हं कलताना पाणी मारतो म्हणाला, म्हणजे धूळ बसते. सकाळची ती माती अजून ओलसर होती आणि तिच्यावर काल संध्याकाळचे पाय उठले होते. अनवाणी पायांचे ठसे, काखेत मूल घेतलेल्या पोरींची खोल पावलं, कोणाच्या तरी चपला. किती मुलं. माझ्या तक्त्यात यातलं एकही नव्हतं.

आणि करंजाच्या झाडापासून निघालेला एक उजव्या चपलेचा ठसा, मग एक चौकोनी लोखंडी, त्याच्यामागे ओढत आलेली बारीक रेघ. चप्पल, लोखंड, रेघ. चप्पल, लोखंड, रेघ. शेजारी दुसऱ्या कोणाचा पाय नव्हता. धरून चालवणाऱ्या माणसाचे बूट नव्हते.

मी मोजायला लागले. सवयच ती. बारा, तेरा. वीस. एका जागी चेंडू उचलायला वाकली असावी, हाताचा पंजा उठला होता, पाची बोटं. मग पुढे. अडतीस, एकोणचाळीस, चाळीस. चाळीसला ती थांबते. चाळीसला खुणा थांबल्या नव्हत्या. कोपऱ्यापर्यंत गेल्या होत्या, कोपऱ्यावरून वळल्या होत्या, दुसऱ्या भिंतीनं सरळ पुढे गेल्या होत्या आणि तिकडून तिसरीकडे.

एक्केचाळीस म्हटलं आणि तोंड बंद केलं.

मल्लाप्पा म्हणाला, "रोज एक फेरी मारते. सगळे बॉल बघत असतात तेव्हा. तुमच्या यजमानांना ठाऊक आहे. आईला सांगू नका म्हणाली."

दुधाचं भांडं तिथेच राहिलं होतं, ते त्यानं आणून दिलं.

घरी आले. नयना अंथरुणात होती, जागी. तिनं माझ्या चपलांना लागलेली तांबडी माती बघितली, मग माझ्या तोंडाकडे बघितलं. ती काय विचारणार ते मला कळलं आणि मी आधीच म्हटलं, "नाही मोजलं."

खोटं बोलले. एक्केचाळीस मोजली होती.

आत्ता, रात्री, तक्ता काढून बसलेय. कडेची छत्तीस शून्यं ब्लेडनं खरवडली. शाई होती, कागद पातळ झालाय, दोन जागी भोक पडलं. मोकळी सोडलीत. त्या जागी काय भरायचं ते कडेला उभं राहणाऱ्यांना विचारल्याशिवाय मला कळणार नाही, आणि त्यांना स्टूलवर बसून विचारता येणार नाही. डॉक्टर आकडा विचारतील. सांगेन, माहीत नाही, तिला विचारा.

संध्याकाळी चंद्रकांत तिला उचलायला आले. ती म्हणाली, आज आई येऊ दे. मग मला म्हणाली, "तू चेंडूकडे बघायचं. माझ्याकडे नाही."

बरं, म्हटलं. तासभर त्या पिवळ्या चेंडूकडे बघत उभी होते. कोण जिंकलं ते विचारलं तर सांगता येणार नाही.